उजवा रकाना

"सातात सातवी! अगं, निदान खालून पहिली म्हण, ऐकायला बरं वाटतं," जिला सगळे 'तुफान' म्हणत ती पहिल्या विभागाची नर्स शेजारच्या नर्सबाईंच्या कानाशी कुजबुजली.

समोरच्या भिंतीवर भलामोठा तक्ता झळकत होता. सात विभाग, सात खांब. कर्करोग, रक्तदाब, साखर यांसाठी कुठल्या विभागानं वर्षभरात किती बायका तपासल्या, त्याची तुलना. पहिला खांब तुफानचा. छताला टेकायचाच काय तो बाकी! आणि शेवटचा नर्सबाईंचा. तो खांब कसला, उंबरठाच म्हणायचा.

दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या. तुफानकडे गाडी होती, गाडीवर कर्णा होता आणि कर्ण्याला लाजवेल असा तिचा स्वतःचा आवाज होता. बाजारात, कारखान्याच्या फाटकाशी, शाळेच्या मैदानात गाडी लावायची, दिवसाला साठ बायका तपासायच्या की चालली पुढच्या गावाला. नर्सबाईंकडे होती दवाखान्यामागची एक खोली, एक पडदा, एक टेबल आणि एक मंगळवार.

शिवाय त्यांचं एक खूळ होतं. रजिस्टरात त्या दोन रकाने आखायच्या. डावा 'तपासलं', उजवा 'कळवलं'. अहवाल आला, त्या बाईच्या हातात पडला, तिला समजेल असा सांगून झाला, की मगच उजवीकडे खूण. आणि वर पाठवायचा आकडा म्हणजे उजव्या खुणांची बेरीज. बाकी सहाही विभाग डावीकडेच थांबत. उजवा रकाना त्यांच्याकडे नव्हताच मुळी!

"यंदा एक नवीन आहे," साहेब चष्मा पुसत म्हणाले. माणूस वाईट नव्हता; वाईट बातमी देताना त्यांचा चष्मा हमखास मळायचा. "शेवटच्या विभागाची खोली बंद होणार. तिथली नर्स पहिल्या विभागाच्या गाडीवर. वरून आलंय, माझ्या हातात काही नाही. चहानंतर आकडे पक्के करू. दुरुस्ती असेल तर तेवढ्यात सांगा."

व्हरांड्यात तुफाननं नर्सबाईंना कोपऱ्यात गाठलं.

"डावीकडे किती आहेत तुझ्या?"

"चारशे एकतीस."

"आणि तू दिलेस किती?"

"दोनशे एकोणीस."

"धन्य आहेस! अगं, चारशे एकतीस म्हणजे पाचवा नंबर. खोली वाचली, तू वाचलीस, मीही वाचले. दिवसभर त्या गाडीत तुझं तोंड कोण बघणार?"

नर्सबाई हसल्या. मग म्हणाल्या, "उरलेल्या दोनशे बारांना अजून सांगायचंय गं. कुणी घर बदललंय, कुणी येतच नाही. शोधतेय एकेकीला."

"मग शोध की! नको कोण म्हणतंय? पण तपासल्यास ना त्या? मग आहे तेच लिहायचं. यात खोटं काय?"

घोडं तिथंच अडत होतं. खोटं काहीच नव्हतं.

सोळा वर्षांपूर्वी नर्सबाईंनीही एकच रकाना आखला होता. तेव्हा एका शिवणकाम करणाऱ्या बाईचा अहवाल आला, वाईट आला. पत्ता अर्धवट होता. उद्या बघू म्हणून त्यांनी तो टेबलाच्या खणात ठेवला. वर दुसरे कागद पडले, मग तिसरे. सात महिन्यांनी खण साफ करताना तो हाताला लागला आणि त्या चप्पल घालून तशाच धावत सुटल्या. शिलाई मशीन दाराबाहेर विकायला काढलेलं होतं. ती बाई जुन्या रजिस्टरात अजून आहे, 'तपासलं' या रकान्यात. आकडा अगदी बरोबर आहे.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. तुफानला आज कुठून सांगणार?

"तुमच्या गाडीतल्या बायकांना अहवाल कोण देतं?" त्यांनी विचारलं.

"पोस्टानं जातात." तुफाननं कपातल्या चहाकडं पाहिलं. "जात असतील."

चहा संपला. साहेबांनी पेन पुढं केलं. "हं बाई, काही बदल?"

"साहेब, दोन्ही आकडे लिहिले तर? तपासलेल्या आणि कळवलेल्या. सगळ्याच विभागांचे."

"तक्त्यात चौकोन एकच आहे हो. आणि तुम्ही तपासल्यात ना चारशे एकतीस? मग लिहा ना, मी कुठं नाही म्हणतोय?"

ते खरोखरच मदत करू पाहत होते. नर्सबाईंनी पेन हातात घेतलं. सगळी खोली त्या टोकाकडं बघत होती, तुफान तर टाचा उंचावून.

"दोनशे एकोणीसच राहू द्या," म्हणून त्यांनी सही केली.

"कर्म माझं!" तुफान म्हणाली, खोलीभर ऐकू जाईल अशी.

नर्सबाईंची खोली दुसऱ्याच आठवड्यात बंद झाली. पडदा, टेबल भांडारात गेलं, दाराला कुलूप लागलं. मंगळवारी नर्सबाईंनी गाडीवर रजा टाकली आणि अहवालांची पाकिटं घेऊन त्या कुलपासमोरच्या पायरीवर जाऊन बसल्या. नऊ बायकांना ही तारीख दिलेली होती. त्यांना कुलूप दाखवून कसं पाठवायचं?

आठजणी आल्या. सगळ्यात आधी आली भाजीवाली, पाटी डोक्यावर तशीच.

"काय निघालं?"

"काही नाही. सगळं चांगलं आहे."

"आणि एवढंच सांगायला उन्हात बसलात होय?"

"एवढंच."

"कमाल आहे बाई तुमची!" भाजीवाली हसली, आणि जाताना पायरीवर दोन काकड्या ठेवून गेली. "नाही म्हणायचं नाही."

बाकीच्याही आल्या तशा गेल्या. एकीला रक्तदाबाची गोळी समजावली, एकीला साखरेची, एक तर "नवऱ्याला सांगू नका हं, जिलबी बंद करेल" म्हणून खिदळली.

आठवी शाळेत शिपाई होती. मधल्या सुट्टीत पळत आली होती, हातात अजून वर्गांच्या किल्ल्यांचा जुडगा.

"माझंही चांगलंच असेल ना? पटकन सांगा, घंटा द्यायचीय मला."

भिंतीची सावली एव्हाना आक्रसून पायरीच्या एका टोकाला एका माणसापुरती उरली होती. नर्सबाई तिथून उठल्या, उन्हाच्या बाजूला सरकल्या आणि सावलीतली जागा पदरानं पुसली.

"घंटा देईल कुणीतरी," त्या म्हणाल्या. "बस इथं."