ह्यांची पेन्शन

पेन्शनीचा विषय काढला की माझ्या मुलाला तहान लागते. आताही तेच झालं. या महिन्यात परत का कापलं म्हणून मी विचारलं, तर शैलेंद्र सोफ्यावरून उठला आणि पाणी प्यायला आत गेला. दुबईच्या ऑफिसात म्हणे पुष्कळ माणसं याच्या हाताखाली आहेत. त्यांनी काही विचारलं की तिथंही हा असाच नळाकडे पळत असेल.

विचारायला निमित्त होतं. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांना आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. नात ईश्वरीनं माझ्या तोंडासमोर फोन धरला होता. गोलात चेहरा बसवायचा आणि डोळे मिटून उघडायचे. "ब्लिंक, आज्जी, ब्लिंक." मी डोळे मिटले, उघडले, आणि फोननं मान्य केलं. मग मी म्हटलं, जिवंत आहे ना मी, मग माझे पुरे पैसे का येत नाहीत? मेलेल्याचं कापतात, जिवंताचं का कापतात?

आमचे हे तालुक्याच्या गावी नगरपरिषदेत पाणी सोडायला होते. लांबलचक लोखंडी चावी खांद्यावर टाकून गावभर हिंडायचे. या आळीचं बंद करायचं, त्या आळीचं सोडायचं. पाणी कमी आलं की बायका दारात येऊन शिव्या द्यायच्या, हे ऐकून घ्यायचे. पण जन्मात कुणाकडून फुकटचा चहा प्याले नाहीत. ते गेले तेव्हा ऑफिसात त्यांच्या नोकरीचे जुने कागदच सापडेनात, म्हणून पेन्शन अडकली. पुढं बरेच महिने गेल्यावर बाबाजी, म्हणजे माझा धाकटा दीर, मला बँकेत घेऊन गेला आणि म्हणाला, वैनी, दादाची पेन्शन सुरू झाली. थोडी हाय, पण हाय.

थोडी का असेना, ह्यांची होती. दर महिन्याला मी नवं पातळ नेसून बँकेत जायचे. त्याच दिवशी निराधारच्या बायकांचेही पैसे यायचे. ज्यांना कुणी नाही त्या विधवा, म्हाताऱ्या, पायरीवर दाटीवाटीनं बसलेल्या असायच्या. मी त्यांच्यात कधी बसले नाही. उन्हात उभी राहीन, पण बसणार नाही. नवरा सरकारी नोकरीत होता माझा, मी त्या पायरीवर का बसू? त्या माझ्याकडे बघून पदराआड हसायच्या. मला वाटायचं, पातळ बघून जळतात.

दोन वर्षांपूर्वी शैलेंद्रनं मला इथं शारजात, अल नहदाला आणलं. उंचावरचा फ्लॅट आहे. खाली बघावं तर दुबईकडे जाणाऱ्या गाड्या एकीला एक चिकटून उभ्या. शेण्या थापून ठेवाव्यात तशा. मुलगा उजाडायच्या आधी त्यात जाऊन बसतो आणि अंधार पडल्यावर परत येतो. मुलाच्या घरी राहते म्हणून मी कुणाच्या तुकड्यावर आहे असं नाही. पेन्शन तिकडे बँकेत जमा झाली की तेवढ्याचे दिरहम शैलेंद्र माझ्या हातावर ठेवतो. माझा चहा, बिस्किटं, गुडघ्याचं तेल, देवाची फुलं सगळं मी त्यातून आणते. खालचा दुकानदार मोहिद्दीन सगळ्या बिल्डिंगचं उधार लिहून घेतो, माझं लिहीत नाही. पैसे टाकले की मी म्हणते खलास, तोही म्हणतो खलास, माजी. एवढ्या एका शब्दासाठी मी लिफ्टनं खाली जाते.

गेल्या साली बाबाजीचा फोन आला की पेन्शन वाढली, आता पुरी मंजूर झाली. आकडा ऐकून मी देवापुढं साखर ठेवली. आणि मेसेज आला तो निम्म्याचा. पुढच्या महिन्यात तेच. ईश्वरी वाचून दाखवायची आणि म्हणायची, "इट्स लेस अगेन, आज्जी." शैलेंद्रला विचारलं तर म्हणे, "आई, डिडक्शन आहे ते. आपण एका सिस्टिममधून दुसऱ्यात गेलो ना, अॅडजस्ट करतात." मला एवढंच कळलं की घराचं भाडं वाढलं तो महिना आणि माझं कापायला लागले तो महिना एकच. चौथीपर्यंत शिकले असले तरी तेवढा हिशोब मला येतो. घरातला पैसा बघते सून, अनुराधा. माझ्या बँकेचं ते फोनमधलं दार पण तिच्याच हातात.

परवा दिवाळीच्या फराळाला शेजारपाजारच्या आल्या, तेव्हा मी बोलले. म्हटलं, घ्या चकली, लाजू नका, माझ्या मालकांच्या पेन्शनीतली आहे. या घराचं भाडंसुद्धा त्यातूनच जातं म्हणतात. समोरच्या फ्लॅटमधली संजना हसायचं सोडून रांगोळीकडे बघत बसली. अनुराधा चहा ओतत होती. कप भरला, बशी भरली, तरी तिचं ओतणं चालूच. बोलली मात्र नाही. पुण्याची आहे, बोलायला तिला कुणी शिकवायला नको. तरी गप्प राहिली, म्हणून मी म्हटलं, झालं, चोराला तोंड नसतं.

तर आज शैलेंद्र पाण्याला गेला आणि मी ईश्वरीला बाबाजीला फोन लावायला सांगितलं. तोंड दिसतं तसला. बाबाजी गोठ्यात होता. त्याच्यामागं म्हैस आमच्याकडे बघत होती. मी विचारलं, खरं सांग, माझे पैसे तिकडंच कापतात की इकडं कुणी खातं?

त्यानं कान खाजवला. शैलू हाय का तितं, म्हणाला. मी म्हटलं, आहे, पण मी तुला विचारते. तू सांगितलं नाहीस तर तिकीट काढून येते आणि नगरपरिषदेच्या दारात बसते.

"वैनी," तो म्हणाला, "आदी येत हुतं ते दादाचं न्हवतंच. ते निराधारचं हुतं."

कुणाचं, मी विचारलं. त्याला वाटलं, आवाज पोचत नाही. मग तो सगळ्या घराला ऐकू जाईल असं ओरडून म्हणाला, "निराधारचं, वैनी. ज्येला कुणी न्हाई त्येचं."

मग त्यानं सगळं सांगितलं. आता जी पेन्शन मंजूर झाली, ती मागच्या तारखेपासून धरली. म्हणजे त्या तारखेपासून मी दोन्ही खाल्ल्या असं झालं, आणि दोन्ही खाता येत नाहीत. शिवाय मी शारजाला आल्यावर निराधार बंद व्हायला हवं होतं, ते कुणी कळवलंच नाही, येतच राहिलं. ते सगळं आता महिन्याच्या महिन्याला पेन्शनीतून वळतं करून घेतात. पेन्शनीची मागची थकबाकी अजून लटकलेली आहे, पण कापणं पहिल्या महिन्यापासून. घ्यायला घाई, द्यायला नाही.

मी विचारलं, मला कुणी नाही असं कुणी सांगितलं?

"मी एकला कसा सांगीन? शैलूला फोन क्येला. त्यो म्हनला, लिवा, मुलगा हाय पन सांबाळत न्हाई. आळीतल्या चार मान्सांनी पंच म्हनून सह्या क्येल्या."

आळीतल्या चार माणसांनी. म्हणजे त्यांच्या बायकांना ठाऊक होतं. बँकेतल्या साहेबाला ठाऊक होतं. पायरीवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं की ही पातळवाली आपल्यातलीच आहे. आणि मी उन्हात उभी.

ईश्वरीनं न सांगता फोन बंद केला. शैलेंद्र ग्लास घेऊन दारात उभा होता. किती वेळचा, कोण जाणे. मग तो खाली बघत बोलला. त्या वेळी तो इकडेच, फुजैराला होता. कंपनी बुडाली होती, कितीतरी महिने पगार नाही, पासपोर्ट मालकाकडे. एका खोलीत माणसावर माणूस झोपायचा. वासिफ नावाचा एक पाकिस्तानी ड्रायव्हर रोज आपल्यातली निम्मी रोटी द्यायचा, त्यावर दिवस काढले. "काका तुला किती दिवस जेवायला घालणार होता, आई? आणि निराधारचं म्हटलं असतं तर तू हात लावला नसतास."

ते खरं आहे. नसता लावला. उपाशी राहिले असते.

अनुराधा त्याच्यामागं उभी होती. तिला पहिल्यापासून माहीत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. दिवाळीत तिनं चहा सांडला, पण नवऱ्याची गोष्ट सांडली नाही. मी तिच्याकडे बघितलं. तिनं मान वळवली, आणि उगाच ओट्यावरचं फडकं घडी करून ठेवलं.

शैलेंद्र पुढं आला. म्हणाला, किती राहिलंय ते मी विचारून घेतो आणि एकदम भरून टाकतो. रुपयात मोठं वाटतं, दिरहममध्ये तेवढं नाही होत. पुढच्या महिन्यापासून तुला पुरी पेन्शन येईल, कुणी कापणार नाही. बोलता बोलता त्यानं खिशातून फोन काढलासुद्धा. दुसऱ्या हातातला ग्लास काठोकाठ होता. तहान लागली म्हणून आत गेला होता, आणि घोटभरसुद्धा प्यायला नव्हता.

मी त्याला समोर बसवलं.

"फोन ठेव, शैलू. तू एक पैसा भरायचा नाहीस. त्या वेळी मला सांभाळायला कुणी नव्हतं, हे तूच सांगितलंस, आणि ते खोटं नव्हतं. मग त्या वेळचं फेडायला आता मुलगा कुठून आला? ह्यांच्या पेन्शनीतूनच कापू देत. ह्यांनी कुणाचं देणं ठेवलं नाही, माझंही ठेवणार नाहीत. तू पाणी पी."