बाबाची घागर

आमच्या माहेरी अक्षय तृतीयेला मेलेल्यांच्या नावानं मातीची घागर भरतात. घरातला पुरुष एकेकाचं नाव घेतो आणि पाणी ओततो. आजोबाची घागर भरत, काकाची भरत. माझ्या बाबाची कधी भरली नाही.

बाबा, शालीकराम, मी मायच्या पोटात असताना दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईवर इटलीला गेले. पलटणीतला एक माणूस घरी येऊन ते मेल्याचं सांगून गेला. आजोबा म्हणाले, "प्रेत कोणी पाहिलं? जित्या माणसाची घागर भरत नाहीत." गावाला वाटलं, म्हाताऱ्याची पोरावर माया. माया धानाच्या बांध्यांवर, शेतावर होती. विधवा झाली असती तर मायनं वाटा मागितला असता. नवरा बाहेर गेलेली बाई कसला वाटा मागणार? जन्मभर हातभर बांगड्या घालून तिनं दिराच्या बांधीत रोवणी केली. मेली तेव्हा बाया म्हणाल्या, नशीबवान, सवाशीण गेली.

माझं लग्न दवनीवाड्यात झालं. बापाची घागर लेकीनं भरायची नसते. म्हणून दर अक्षय तीजेला माहेरी जाऊन चुलतभाऊ केशोरावला म्हणायची, "यंदा तरी बाबाची भर."

"आज्यानं नाही भरली, मी कायले भरू?"

त्याचा नातू उमेंद्र इटलीत नोकरीला लागला. जाताना मी त्याला म्हटलं होतं, "माह्या बाबाले पाहून ये." पोरानं विचारत विचारत कबर शोधली आणि घरी कळवलं. गेल्या तीजेला आम्ही सगळे अंगणात असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला.

पांढऱ्या दगडांच्या रांगा होत्या. एका दगडावर 'ॐ भगवते नमः' होतं. चाळिशीनंतर अक्षरं शिकले, तेवढं मी वाचलं. खालचं इंग्रजी नाव उमेंद्रनं वाचून दाखवलं. दगडापाशी एक गोरी म्हातारी बादलीतलं पाणी ओतून शेवाळ घासत होती.

"ही लुचियाबाई, आजी. पहिले इची माय धुवत होती, आता ही धुते. इथल्या बायांनी कबरी वाटून घेतल्या."

केशोराव माझ्या खांद्यावरून वाकला. त्याच्या मागे नवं बॅनर टांगलेलं होतं, 'शहीद शालीकराम परिवार'. आमदार येणार होते.

"उमेंद्र, तिले म्हण, बादली बाजूले ठेव. फोटो चांगला नाही येऊन राहिला."

म्हातारी काहीतरी बोलली. उमेंद्र म्हणाला, "ते विचारून राहिली, घरी याच्यासाठी काय करता?"

"सांग, दरसाल घागर भरतो," केशोराव म्हणाला. आणि घागर उचलून त्यानं सगळ्यांसमोर पहिल्यांदा माझ्या बाबाचं नाव घेतलं.

"केशो," मी म्हटलं, "माहा बाबा मेला, हे आता पक्कं ना?"

"म्हणजे काय, बाई. शहीद झाले."

"मंग माही माय कोणाच्या नावाच्या बांगड्या घालून मेली?"

"आजच्या दिवशी ते कायले काढतेस? आमदार येऊन राहिले."

त्यानं पाणी ओतलं. सगळ्यांनी हात जोडले. माझ्या हातात फोन होता.

"उमेंद्र, तिले खरं सांग. इथं त्याच्यासाठी कोणी काही नाही केलं."

त्यानं सांगितलं की नाही, कोण जाणे. तिची भाषा मला येत नाही. ती माझ्याकडे पाहून हसली आणि रिकामी बादली घेऊन पुन्हा पाण्याला गेली.