ड्यूटी सुटलेला कप्तान

मित्रांनो, एसटीच्या गाडीत स्टिअरिंगमागे एक एकटी सीट असते. गाडीत मुंगी शिरायला जागा नसली तरी तिच्यावर ड्रायव्हरशिवाय कोणी बसत नाही. ती सीट म्हणजे मी. आता मी जुनी झाले आहे. माझे रेक्झिन फाटले आहे आणि एक स्प्रिंग अधूनमधून कुरकुरते. पण मला साधीसुधी समजू नका. मी ताऱ्यांकडे जाणाऱ्या यानाच्या कप्तानाची सीट आहे. हसू नका, आधी ऐका.

माझा जन्म एसटीच्या कार्यशाळेत झाला. लोखंडाचा सांगाडा, त्यावर काथ्या, त्यावर फोम आणि वर हिरवेगार रेक्झिन. ज्या कारागिराने मला शिवले त्याने शेवटचा टाका घालून माझ्यावर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "झालं, आता कुणीबी बसू द्या." त्या थापा मला अजून आवडतात.

परभणी, जिंतूर, येलदरी ही माझी वाट. सकाळी कॉलेजची मुले, दुपारी दवाखान्याला निघालेली माणसे, बाजाराच्या दिवशी कोंबड्या आणि मेथीच्या जुड्या. येलदरीहून परतताना मासळीच्या पाट्या चढत आणि सगळ्या गाडीला धरणाचा वास येई. दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची. हार स्टिअरिंगला, नारळ चाकापुढे, हळदीकुंकू काचेला. मला काय, तर ड्रायव्हरचा टॉवेल, तोही घामाचा. मी ते मनावर घेतले नाही असे सांगितले तर ते खोटे होईल. चांगले घेतले होते.

पण मला एक विद्या मिळाली. स्टिअरिंगला हात कळतात, ब्रेकला पाय कळतात, तशी मला पाठ कळते. घरी भांडून आलेला ड्रायव्हर एका अंगावर रेलून बसतो. ज्याची मुलगी पास झाली तो टेकतच नाही. आणि ज्याची पाठ खरोखर दुखते, तो बसण्याआधी क्षणभर श्वास धरतो आणि खड्डा येण्याआधीच कमरेतून उचलला जातो. या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही.

पुढे गाडी थकली आणि लिलावात गेली. भंगारवाल्याने लोखंड एकीकडे टाकले, पत्रा एकीकडे टाकला आणि मला कुंपणाला लावून ठेवले. तिथे एका शेळीने मला आपली मानले. ती नुसती बसायची तोवर ठीक होते, पण ती माझा फोमही खायची. उन्हाने रेक्झिन तडकले. माझ्यावर बसून माणसांनी गाडीभर जीव सुखरूप पोचवले होते, आणि आता माझ्याकडे कोणी वळूनही पाहत नव्हते. मला वाईट वाटले. फार वाईट वाटले.

तिथून मला उचलले बोरीच्या नागेशने. नागेश वेल्डिंगची कामे करतो. गावातल्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी त्याला एक तारकायान बनवायचे होते. धान्य ठेवायची पत्र्याची मोठी कोठी आडवी पाडून त्याने यानाचे धड केले. मागे जुन्या कूलरचा पंखा लावला, बुडाला तुषार सिंचनाचे पाइप बांधले आणि पुढचा पत्रा समोरून आणि दोन्ही बाजूंनी कापून मोकळा ठेवला, म्हणजे लोकांना कप्तान दिसावा. सायकलच्या रिंगचे स्टिअरिंग केले आणि त्याच्यामागे मला पक्के बसवले. एसटीतून थेट अंतराळात. अशी बढती कोणत्या सीटला मिळाली असेल ते मला सांगा.

नाटक सातवीतल्या भक्तीने लिहिले होते. एक कप्तान आयुष्यभर या ताऱ्यावरची माणसे त्या ताऱ्यावर पोचवतो. एक दिवस वरून हुकूम येतो, तुमची ड्यूटी संपली, यान तुमचे, आता मनाला येईल तिथे जा. इथवर झकास होते. कप्तान पुढे काय करतो, ते मात्र भक्तीला सुचेना. वर्गातली मुले एकामागून एक माझ्यावर बसून गेली. एकाने शनीच्या कड्यांवर घसरगुंडी खेळली. एकीने मंगळावर हॉटेल टाकले. एक जण म्हणाला, मी नुसता झोपणार, आणि खरोखरच माझ्यावर पेंगला. भक्तीला काही पटेना.

नाटक बसवणाऱ्या राजेश्री मॅडम शेवटी म्हणाल्या, "अगं, ज्यांची ड्यूटी खरंच सुटली त्यांनाच विचार की. सिद्धोधन ड्रायव्हर शाळेच्या मागंच राहतात."

सिद्धोधन हे दुसऱ्या आगारात एसटी चालवायचे. त्यांची माझी गाठ कधी पडली नव्हती. निवृत्तीला अवकाश असतानाच त्यांनी नोकरी सोडली होती, कारण पाठ साथ देईना, असे ते सांगत. तेव्हापासून ते घराबाहेर पडत नव्हते. पौर्णिमेला विहारातही जाईनात. त्यांच्या पत्नीला, धम्मशीलाबाईंना, याचा घोर लागला होता. मुलांचा निरोप येताच त्यांनी नवऱ्याला जवळजवळ ओढतच शाळेत आणले.

"चला की. लेकरं बोलवायलेत. नुसतं बसायचं तर हाय," असे म्हणत त्या आल्या आणि मला पाहून थबकल्या. "हीच ती बया. असल्याच सीटांनी ह्यांची पाठ खाल्ली."

मित्रांनो, माझ्या अंगाची आग झाली. आयुष्यभर मी पाठी सांभाळल्या आणि शेवटी हे ऐकायचे? मी मनात म्हटले, बसू तर द्या, मग बघू कोणी काय खाल्ले ते.

सिद्धोधन बसले. श्वास धरला नाही. कमर आखडली नाही. पाठ कशी, तर बाभळीच्या खोडासारखी धडधाकट. या माणसाच्या पाठीला काहीही झालेले नव्हते. ते खोटे बोलत होते, आणि त्यांच्या खोट्यापायी माझे नाव बद्दू झाले होते.

भक्तीने हुकूम वाचला, "कप्तान, तुमची ड्यूटी संपली. आता कुठंबी जा."

त्यांनी सायकलच्या रिंगवर हात ठेवले. हात लगेच आपापल्या जागी गेले. मग मागे न पाहता त्यांनी विचारले, "आत किती बसलेत?"

"कुणीच न्हाई आजोबा. यान तुमचं एकट्याचं हाय."

"रिकामी गाडी न्यायची?" त्यांना ते पटले नाही, पण त्यांनी यान सुरू केले. तोंडाने आवाज काढला नाही, हात हलवले नाहीत, तरी यान खरेच चालल्यासारखे वाटून मुले पुढे सरकली. आणि थोड्याच वेळात त्यांनी पाय दाबून यान उभे केले.

"का थांबलाव आजोबा?"

"चंद्र आला. कुणीतरी हात केला."

"चंद्रावर कोण हात करतंय?"

"असंल एखादी म्हातारी. गाठोडं घेऊन उन्हात उभी असंल."

"तुमची ड्यूटी संपली की. आता थांबायचं नसतंय."

"ड्यूटी संपली म्हणून काय झालं, पोरी? हात केल्यावर थांबायचं असतंय."

भक्तीला तिचे नाटक सापडले. तिने तिथेच मॅडमची वही मांडीवर घेऊन लिहायला सुरुवात केली. कप्तान मोकळा झाला आहे, कुठेही जाऊ शकतो, पण वाटेत अडकलेल्या कुणी हात केला की तो थांबतो. आणि कप्तान होणार सिद्धोधन आजोबाच. त्यांनी नाही म्हणण्याआधी धम्मशीलाबाईंनी हो म्हणून टाकले.

तालीम सुरू झाली. मुले प्रवासी होऊन समोर आणि दोन्ही बाजूंना हात वर करून उभी राहायची. समोरच्यांना सिद्धोधन घ्यायचे. बाजूच्यांना सोडून पुढे जायचे. मुलांना वाटले आजोबा मुद्दाम करतात, ती खो खो हसायची. सिद्धोधनही हसायचे. पण हसणाऱ्याची पाठ हलते, त्यांची हलत नव्हती. सदरा घामाने भिजून मला चिकटला होता.

मग एकदा मुलांनी डावीकडून हाका मारल्या, आणि ते कमरेपासून सबंध वळले. मित्रांनो, ड्रायव्हर बाजूला बघताना डोळे फिरवतो, फार तर मान वळवतो. सबंध अंग वळवत नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आले की दुखणे पाठीचे नाही, डोळ्यांचे आहे. माझा राग त्याच क्षणी गेला आणि भीती वाटू लागली. एवढे मोठे दुखणे या माणसाने घरातही सांगितले नव्हते. ना औषध, ना डॉक्टर. दिवसेंदिवस ते वाढत असणार, आणि हे माहीत असलेली दुसरी मी एकटी. मी स्प्रिंग कुरकुरवून पाहिली. नागेशने येऊन तिच्यात तेल सोडले.

स्नेहसंमेलनाच्या दुपारी मांडव भरून गेला. बाया डाव्या अंगाला, माणसे उजव्या अंगाला, पोरे पुढे सतरंजीवर. कूलरचा पंखा फिरू लागला आणि टाळ्या पडल्या. सिद्धोधन कप्तानाच्या टोपीत फार रुबाबदार दिसत होते. खोटे कशाला सांगू, मलाही माझा अभिमान वाटत होता. शेवटच्या प्रवेशात भक्ती, जी सहचालक झाली होती, लोकांना म्हणाली, "ज्यांना ताऱ्यांवर यायचं असंल त्यांनी हात करा. आमचे कप्तान कुणालाच सोडून जात न्हाईत."

पुढची पोरे हात करून भराभर यानात चढली. डावीकडे बायांमध्ये बसलेल्या धम्मशीलाबाईंनीही हसत हात वर केला. कप्तानाने यान पुढे काढले.

"बायकूलाच सोडून चाललाय की ड्रायव्हर," मागून कोणीतरी म्हणाले आणि मांडव हसला. धम्मशीलाबाईही हसल्या. त्यांनी हात तसाच ठेवला. कप्तानाची नजर समोर. हळूहळू त्यांचे हसू ओसरले, पण हात खाली आला नाही.

भक्ती वाकून हळूच म्हणाली, "आजोबा, आजी हात करायल्यात."

"कुठं?" सिद्धोधन म्हणाले.

धम्मशीलाबाई अगदी जवळ होत्या. पुढच्या सगळ्यांनी तो प्रश्न ऐकला आणि हसणे थांबले.

सिद्धोधनांना थट्टा करून वेळ मारून नेता आली असती. नाटकच होते ते. त्यांची पाठ पहिल्यांदा सगळा भार टाकून मला टेकली. मग ती ताठ झाली आणि त्यांनी टोपी काढली.

"धम्मशीला, मला बाजूचं दिसना झालंय. समोरचं दिसतंय, बाजूचं न्हाई. पाठीला माझ्या कायबी झालं न्हाई." त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. "पिंगळीच्या फाट्यावर एका बाईनं हात केला होता. कडंवर लेकरू होतं. मी गाडी तशीच पुढं नेली. कंडक्टर म्हणला, आज काय झालं तुमाला? मला बाई दिसलीच न्हाई. मंग मी म्हणलं, आज हात दिसला न्हाई, उद्या लेकरू दिसायचं न्हाई. सोडली गाडी."

माझ्यावर कितीतरी ड्रायव्हर बसले. त्यांत चांगले होते, तालेवार होते, घाटात गाडी फुलासारखी उतरवणारे होते. पण कोणी धरलेले नसताना, कोणाची तक्रार नसताना, गाडीतल्या माणसांसाठी आपणहून खाली उतरलेला ड्रायव्हर मी हा एकच पाहिला. त्या क्षणी वाटले, हा माणूस आपल्यावर बसला, आयुष्याचे सोने झाले.

धम्मशीलाबाई उठून यानापाशी आल्या. "मला का न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? आंधळा ड्रायव्हर म्हणून घरात बसायचं का?"

"आन् आता काय करायलाव?"

बाई पत्रा खडखडवत यानात चढल्या आणि माझ्याशेजारी पालथ्या घातलेल्या घमेल्यावर बसल्या. भक्तीचे डोळे भरले होते, पण नाटक तिचे होते. तिने पुढचे वाक्य म्हटलेच, "कप्तान, तुमी मोकळे हाव. आता कुठं जायचं?"

धम्मशीलाबाईंनी नवऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "परभणीला घ्या. डोळ्याच्या दवाखान्यात."

सिद्धोधनांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली आणि यान पुढे काढले.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, पण उरलेली राखता येईल, आणखी उशीर झाला असता तर समोरचेही गेले असते, असे ते म्हणाले. हे मला मुलांच्या बोलण्यातून कळले. धम्मशीलाबाई रोज त्यांच्या डोळ्यांत थेंब घालतात आणि ते रोज चुरचुरते म्हणून तक्रार करतात. पौर्णिमेला ते विहारात जातात. कोणी बाजूने आले की स्वतःच सांगतात, "हात करू नगं बाबा, आवाज दे." सांगताना आता त्यांना लाज वाटत नाही.

यान मोडले. नागेशने कापलेला पत्रा जोडून दिल्यावर कोठीत पुन्हा हरभरा पडला. मी शाळेच्या वाचनाच्या खोलीत आहे. माझ्यावर बसून मुले गोष्टी वाचतात आणि काही दिवटे कंपासच्या टोकाने मला टोचतात. तेवढे टोचू नका आणि फाटले आहे तिथे एक चिकटपट्टी लावा, म्हणजे मी आणखी पुष्कळ वर्षे तुमच्या पाठी सांभाळीन. पण मित्रांनो, माझे खरे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात कोणी कामावरून सुटून ओसरीवर गप्प बसले असेल, तर आराम करा म्हणून पुढे जाऊ नका. जवळ बसा आणि विचारा. उत्तर खोटे वाटले तर पुन्हा विचारा. सिद्धोधन ड्रायव्हरांचे खोटे मला पहिल्याच दिवशी कळले होते, पण मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.