गटारीच्या दिवशी मी कुलपात होतो

मी डोंगल बोलतोय. आधीच सांगून टाकतो, चूक दयारामची. भावेशच्या बापाची. माझी नाही आणि भावेशची तर अजिबात नाही.

मी बोटाएवढा. पोटात सिमकार्ड. लॅपटॉपच्या कडेला खोचलं की कामोठ्याच्या त्या घरात इंटरनेट यायचं. २०१२ साली भावेशने मला आणलं ते एकाच कामासाठी. इंजिनिअरिंगचे प्रवेश ऑनलाइन झाले होते. त्याचा फॉर्म माझ्यातून गेला आणि यादीही माझ्यातूनच आली. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, पनवेलजवळचं, पहिल्या पसंतीचं कॉलेज! वेबसाइटवर सीट स्वीकारली की झालं. पण त्या दिवशी साइट जाम. मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आषाढातली अमावास्या. गटारी.

सकाळी भावेशने मला लावलं, तोच दयारामने उपटलं.

“आज हात नाय लावायचा. अमावास्येला नवीन काम करतो कोन?”

“बाबा, वेबसाइटला अमावास्या नसते. पाचला बंद होनार ती.”

“कॉलेज उभं हाय ती जमीन कोनी दिली? आमी. उद्या प्रिन्सिपल सरांना भेटतो. बघू कोन नाय बोलतो!”

“आता सरांच्या हातात काय नसतं, बाबा.”

“चार बुकं शिकला नं मला शिकवतो?”

त्याने मला हळदकुंकू लावलं. मला, डोंगलला! देवाच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं, किल्ली करदोट्याला बांधली आणि शेतावर मटण शिजत होतं तिकडे निघून गेला. भावेशची आई, ठमाबाई, भाकऱ्या थापत होती. “बापाचं ऐकावं रे,” एवढंच बोलली. आई ना ती?

भावेश सायबर कॅफे शोधत फिरला. तीन कॅफे, तिन्हींची शटरं खाली. गटारी! घामाघूम होऊन परत आला आणि कपाटाला टेकून बसला. आतून मला भिंतीवरच्या घड्याळाचे पाच ठोके ऐकू आले. तो रडलासुद्धा नाही.

सकाळी दयारामने कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, मला खिशात टाकलं, पेढ्यांचा बॉक्स घेतला. मला वाटलं, एवढी मोठी माणसं, काहीतरी करतीलच. प्रिन्सिपलनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, “काका, सीट गेली. पुढच्या फेरीत दुसऱ्याला जाईल.”

“अहो, पन सही तर तुमची लागते नं?”

“आता नाही लागत. यादी कॉम्प्युटर लावतो.”

“मशीन बोलला आन् तुमी ऐकलं?”

सरांनी दुसरा पेढा उचलला. दयारामचं काळीज माझ्या पाठीवर धाडधाड आपटत होतं. या माणसाला कुणी ‘नाही’ म्हणू शकतं, हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. मलाही.

घरी येऊन गावभर सांगितलं काय? “डोंगलनी धोका दिला.”

पुढच्या फेरीत लांबचं कॉलेज लागलं. “एवढ्या लांब नाय,” म्हणून बापाने तेही मोडलं. पनवेलला बीएस्सीला नाव घातलं. दिवाळीनंतर भावेश गेलाच नाही.

मी अजून त्याच कपाटात आहे. माझ्या पिनेत हळद घट्ट बसलीय. दर अमावास्येला दयाराम मला नमस्कार करतो. नमस्कार नको. पोरगं पाचची मुदत सांगत होतं तेव्हा ऐकायचं होतं.

भावेश इंजिनिअर झाला नाही.