अण्णांची डबल बेल

अण्णांचा सगळा जन्म बसच्या मागच्या दारात गेला. कंडक्टर म्हणून लागले आणि कंडक्टर म्हणूनच निवृत्त झाले. असा माणूस म्हातारपणी परदेशात मुलाकडे येऊन पडला, तर करणार काय? मुलगा-सून कामावर गेली की अण्णा खिडकीत बसत आणि खालून जाणाऱ्या बसकडे बघत. तिला कंडक्टरच नव्हता. दारं आपोआप उघडत, तिकीट यंत्र देई. अण्णांना ते बघवत नसे आणि बघितल्यावाचून राहवतही नसे.

शेवटी एकदा जेवता जेवता त्यांनी सांगून टाकलं, मला परत पाठवा. तिकडे बायको गेल्यापासून घराला कुलूप होतं, शेजारपाजार पांगला होता, दुखलंखुपलं तर पाणी द्यायलाही कोणी नव्हतं. हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच! मुलाने कपाळाला हात लावला. सून मात्र शांतपणे म्हणाली, की जवळच्या हॉलवर दर बुधवारी वयस्कर मंडळी जमतात, महिनाभर तिथं जाऊन बघा. तरीही जावंसं वाटलं, तर तिकीट मी स्वतः काढून देते. लेकीसारख्या सुनेचा शब्द अण्णांना मोडवेना.

हॉलवर सगळी माणसं भली. तिथलं सगळं बघणाऱ्या बाई तर साखरेहून गोड. अण्णांना मऊ खुर्ची, पहिला चहा, आणि बोलणं असं सावकाश नि मोठ्यांदा, की अण्णा जणू अजून पाळण्यातच आहेत. अण्णांना तिथली भाषा मोडकीतोडकी का होईना, येत होती; पण सांगणार कोण? ते खुर्च्या लावायला उठले, की बाई हाताला धरून खाली बसवत. कागदाची फुलं करायला दिली, तर अण्णांच्या वाकड्या फुलालाही टाळ्या.

"वाकड्या फुलाला टाळ्या मिळाल्या, की समजावं आपण कुणाच्या हिशेबातच नाही," अण्णा घरी येऊन म्हणत. सून बिचारी ऐकून घेई.

महिन्यातला शेवटचा बुधवार सहलीचा होता. ज्यांना फार चालवत नाही त्यांना ने-आण करायला हॉलची एक छोटी बस होती, तीच घेऊन मंडळी तळ्याकाठच्या बागेत गेली. बस चालवणारा मिशीवाला कुठल्या तरी तिसऱ्याच देशातून आलेला. अण्णांची नि त्याची ओळख मान हलवण्यापुरती. अण्णांनी मनाशी पक्कं केलं होतं, ही शेवटची सहल, घरी गेल्यावर सुनेला तिकिटाचं सांगायचं.

निघायची वेळ झाली. पुढच्या बाकावरची आपली जागा सोडून अण्णा मागच्या दाराशी गेले. एका आजींना पायरी चढवेना, त्यांना हात दिला, मग दुसऱ्यांना दिला. सगळे आत गेल्यावर सवयीने दारातच उभे राहून डोकी मोजली. आली होती तेवढी भरली. आणि हात कधी उठला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. दारालगतच्या पत्र्यावर डबल बेलसारख्या दोन थापा पडल्या.

दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर त्याने मागे वळून काय झालं म्हणून विचारलं असतं. पण हा गडीही आपल्या मुलखात जन्मभर बसच हाकत आलेला, आणि पत्र्यावर दोन थापा म्हणजे निघा, हे त्याच्याकडेही अगदी तस्संच! दार मिटलं, बस निघाली. मिशीवाल्याने आरशातून असा काही सलाम ठोकला, की अण्णांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या आजी खिडकीकडे बोट दाखवून हसत सुटल्या. रस्त्यावरून हॉलच्या बाई हात हलवत पळत येत होत्या. अण्णांनी मोजले होते उतारू. आणि बाई कुठे उतारू? डेपोच्या माणसाला कुठला कंडक्टर मोजतो? अण्णांनी घाईघाईने एकच थाप मारली आणि बस जागच्या जागी थांबली.

बाई धापा टाकत चढल्या आणि त्यांनी अण्णांची जी बिनपाण्याने केली, ती सगळ्या बसने ऐकली. सावकाश बोलणं नाही, साखर नाही. निम्मे शब्द अण्णांच्या डोक्यावरून गेले, पण चाल ओळखीची होती. त्यांचे डेपो मॅनेजर अस्सेच रागवायचे. अण्णा मान खाली घालून उभे राहिले. एक वाक्य मात्र त्यांना नीट कळलं.

"अहो, तुमच्या जागेवर तुम्हीच नव्हता, म्हणून तुम्हाला शोधायला मी परत बागेत गेले!"

अण्णांनी हात जोडले. बाईंनी पाण्याचा घोट घेतला, एकदा अण्णांकडे पाहिलं, एकदा मिशीवाल्याकडे, आणि मग त्यांना हसू आवरेना. पुढच्या बुधवारपासून दारात तुम्हीच उभे राहा, त्या म्हणाल्या, फक्त मोजताना सुरुवात माझ्यापासून करा.

रात्री जेवायला बसल्यावर सुनेने दिलेला शब्द पाळला. तिकीट काढू का, असं तिने विचारलं खरं, पण विचारताना तिची नजर ताटावरच होती.

"बुधवारी ड्युटी आहे माझी," अण्णा म्हणाले.

"मग गुरुवारचं बघू?" मुलाने विचारलं.

"अरे, त्याच्या पुढचाही बुधवार आहेच की." अण्णांचा घास हातातच राहिला. ते सुनेकडे वळले. "पोरी, तुझे फार उपकार आहेत बघ. आज मी जागेवर नव्हतो, तर एक बाई मला शोधायला धावली."