पाचशे लिटर

तपासनीस बाईने गच्चीवरच्या टाकीचा नळ ज्योतीने भाजून घेतला, गाळणीची नळी त्याला घट्ट बसवली आणि पाणी सोडलं. मीटरचे आकडे सरकू लागले. पाठीमागे इमारतीतले दहा-बारा जण हाताची घडी घालून उभे होते. बसा म्हणायचं कोणाच्याही मनात नव्हतं.

"गेल्या महिन्यात हीच बया पाणी शुद्ध म्हणून सही करून गेली," तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला. "आता आठ जणांना कावीळ."

"त्यात हिची सख्खी पुतणी," तपासनीस बाईची थोरली जाऊ म्हणाली. लेकीच्या उशापासून उठून ती दवाखान्यातून तशीच आली होती. "पाचशे लिटर तपासलंस ना गं? तोंड वर करून सांगत होतीस."

विषाणू इतके विरळ असतात, की पाचशे लिटर गाळल्याशिवाय हाती लागत नाहीत. त्याला पाच तास लागतात. गेल्या खेपेला शंभर लिटर होताच याच जावेने, पाणी वाया घालवतेस म्हणून, तोंडाचा पट्टा सोडला होता आणि नळ बंद करून टाकला होता. घरची कटकट चारचौघांत नको, म्हणून हिने मुकाट्याने कागदावर पाचशे लिहिलं.

आता ते सगळं जिभेच्या टोकावर आलं. जावेचे डोळे रडून सुजले होते. तपासनीस बाई मीटरकडे वळली.

पण त्या पाचशेच्या भरवशावर कार्यालयाने टाकी चालूच ठेवली होती. आजचा निकाल यायला आठ दिवस. तोवर सगळी इमारत हेच पाणी पिणार. जुना अहवाल रद्द झाला, तरच नियमाने टाकी आज बंद होणार होती.

तिने अहवालाचा छापील कागद काढला. 'मागील नमुना शंभर लिटरच. अहवाल रद्द समजावा.' खाली सही केली. नोकरी जाणार हे तिला ठाऊक होतं.

जाऊ खांद्यावरून वाचत होती.

"खोटं लिहिलं होतंस तू."

"हो."

"आणि माझं नाव?"

"नमुना माझा होता, ताई."

"माझ्यावर उपकार नकोत तुझे. नळ मी बंद केला होता. लिही."

शिंपी वळून जावेकडे बघू लागला.

"त्याला रकाना नाही यात."

"मग कडेला लिही."