निल्दाचा उजवा हातमोजा

मी बोलतोय, पण ज्या हातासाठी मी जन्मलो तो हात आता माझ्यात कधीच शिरणार नाही. तरीही माझी तक्रार नाही. ऐका.

दक्षिण अमेरिकेतल्या पाराना नदीवरच्या पुलाच्या अलीकडे, ट्रकवाले थांबतात त्या गावात सिल्विनो नावाचा खोगीरवाला आहे. त्याने मला बैलाच्या जाड कातड्यातून कापलं, आत सुती अस्तर लावलं आणि कोपरापर्यंत पोचेल इतकी लांब बाही जोडली. माझ्याबरोबर डावाही शिवला. आम्हा दोघांना त्याने दुकानाच्या मागच्या खिळ्यावर टांगलं, कारण पुढच्या खिळ्यांवर देखणे मोजे होते. कुणावर दोऱ्याने भरलेलं बैलाचं डोकं, कुणावर लाल झालर. गिऱ्हाईक आलं की त्यांनाच हात लावायचं. आम्ही दोघं तपकिरी, राठ, ढगळ. बराच काळ तिथेच लोंबकळलो.

मग एक दिवस निल्दा आली. पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. पुलाजवळ तिच्या नवऱ्याचं, अनिबालचं, मांस भाजून द्यायचं ठिकाण होतं. चार बाकं, वर पत्रा, मध्ये लोखंडी जाळी. पण अनिबालचा उजवा हात भाजला होता आणि जाळी महिनोन्महिने थंड पडली होती. गावात सगळ्यांना सांगितलं होतं की ट्रकच्या रेडिएटरची वाफ लागली.

"ये निल्दा," सिल्विनो म्हणाला. येर्बाचा कडू काढा पितळी नळीने ओढत बसला होता. "अनिबालला मोजे हवेत वाटतं?"

"मला हवेत. उद्यापासून जाळी मी पेटवणार."

सिल्विनोच्या तोंडातली नळी निसटली. पण माणूस शहाणा, हसला नाही. त्याने झालरवाला मोजा पुढे केला. निल्दाने झालरीचा एक दोरा तोडला आणि काडी पेटवून त्याला लावली. दोरा आकसला आणि त्याचा काळा चिकट थेंब झाला.

"हे पेटलं तर माझ्या कातडीला चिकटेल. दुसरं दाखव."

दुसरा मोजा मनगटापर्यंतच होता. तिने तो घालून हात पुढे केला. मनगट आणि कोपर यांच्यामधली उघडी जागा स्वतःच बघितली आणि परत दिला. मग तिची नजर मागच्या खिळ्यावर गेली.

तिने मला हातात चढवलं. माझ्या आयुष्यातला तो पहिला हात. गरम, खरखरीत, घाबरलेला, पण ठाम. सिल्विनोच्या शेगडीत डागणीची लोखंडी कडी तापत होती. तिने ती सरळ उचलली आणि सावकाश खाली ठेवली. मग हात जोरात झटकला. मी सुटून भिंतीवर आपटलो.

"अगं, फेकतेस काय?" सिल्विनो ओरडला.

"आत निखारा गेला तर असाच निघाला पाहिजे. हा चालेल."

चिमटाही तिने असाच निवडला. लांब दांड्याचा, तोंडाशी दात असलेला. त्या चिमट्याने तिने कोपऱ्यातला लाकडाचा जड ओंडका उचलून पाहिला. ज्या चिमट्यातून ओंडका घसरला तो बाजूला सारला. चामड्याचा एप्रन घेतला, त्याच्या लोंबणाऱ्या नाड्या तिथेच कापून आखूड करायला लावल्या. सिल्विनो शेवटी म्हणाला, "घोडा घेतानाही लोक इतकं बघत नाहीत, बाई."

"घोडा लाथ मारण्याआधी कान मागे टाकतो," निल्दा म्हणाली. "विस्तव काही सांगत नाही."

घरी अनिबाल अंगणात बसला होता. भाजलेला हात नेहमीप्रमाणे कोटाच्या खिशात. आम्हाला बघून त्याचं तोंड वाकडं झालं.

"हे काय सोंग? माझ्या बापाने आयुष्यभर नुसत्या हाताने निखारे सारले."

"आणि त्यांच्या भाजलेल्या बोटांना पट्ट्या कोण बांधायचं? तुझी आई."

"लोक हसतील मला. बायको भट्टीवर उभी आणि नवरा खुर्चीत."

"हसू देत. हसल्यावर भूक लागते."

दुसऱ्या दिवशी अनिबालने खुर्ची उचलली आणि जाळीकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून मांडली.

निल्दाने आधी वाऱ्याची दिशा बघितली. पत्र्याखाली लोंबणारी जुनी कापडी पट्टी काढून टाकली. वाळूची बादली हाताच्या अंतरावर ठेवली. केस घट्ट बांधले. आणि मग लाकूड पेटवलं.

पहिले दिवस वाईट गेले. कधी बरगड्या बाहेरून कोळसा आणि आतून कच्च्या, कधी चरबी गळून जाळ उठायचा. तेव्हा ती मला घालून मांस बाजूला ओढायची आणि जाळ बसेपर्यंत थांबायची. ट्रकवाले हॉर्न वाजवून पुढे जायचे. थांबलेच तर टोमणे मारायचे. त्यात चुचो नावाचा एक धिप्पाड ड्रायव्हर सगळ्यात पुढे.

"वहिनी, बैल पकडायला निघालात की भाजायला?"

"भाजायला. पण बैल. स्वतःला नाही."

बाकं हसली. खुर्चीत पाठमोऱ्या अनिबालचे खांदेसुद्धा जरासे हलले. मी पाहिलं.

हळूहळू तिचा हात बसला. कुठला निखारा कुठे सारायचा हे तिला डोळ्यांआधी माझ्या तळव्यातून कळायला लागलं. हॉर्न वाजवून जाणारे ट्रक थांबू लागले. अनिबाल न वळता म्हणायचा, "मीठ आता." ती आधीच टाकून मोकळी झालेली असायची, तरी म्हणायची, "बरं."

मग तो रविवार आला. आदल्या दिवशीच्या पावसाने लाकूड दमट होतं. निखारे पडेनात. बाकं भरलेली, सगळे भुकेने कावलेले. चुचो उठला आणि ट्रकमधून स्पिरिटची बाटली घेऊन आला.

"वहिनी, सरका. दोन थेंब टाकतो, बघा कसं भडकतं."

"माझ्या जाळीवर ते नाही, चुचो. खाली ठेव."

"अहो, आमच्या घरी रोज..."

आणि त्याने बाटली तिरकी केली. निळा जाळ धारेवरून वर चढला आणि बाटलीच्या तोंडाशी पोचला. चुचो जागीच थिजला. बाटली हातात जळतेय आणि बोटं उघडत नाहीत. निल्दाने माझ्यासकट हात घातला, बाटली त्याच्या मुठीतून हिसकली आणि वाळूत खुपसली. पण सांडलेलं स्पिरिट माझ्यावर पेटलं होतं. बोटांपासून बाहीपर्यंत मी जळत होतो. तिने हात झटकला. मी सुटलो आणि वाळूवर जाऊन पडलो. तिने चिमट्याने वाळू ओढून मला झाकलं.

तिचा हात लालसर झाला होता, एवढंच. चुचोच्या मिशा करपल्या होत्या.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अनिबाल वळला होता. तो चालत चुचोसमोर आला आणि त्याने खिशातला हात बाहेर काढला. सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच. दोन बोटं एकमेकांना चिकटलेली, तळहात चकचकीत आणि ताणलेला.

"रेडिएटर नव्हता," तो म्हणाला. "स्पिरिट होतं. मीही दोन थेंबच म्हणालो होतो."

चुचोने त्या हाताकडे पाहिलं आणि मान खाली घातली. निल्दाने तोंड फिरवलं, जाळीकडे. तिथे धूर होता, म्हणून डोळे पुसायला निमित्त मिळालं. अनिबाल तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि डाव्या हाताने चिमटा उचलला. "तू मांस बघ," तो म्हणाला, "निखारे मी सारतो. आधी डावा मोजा दे."

माझं कातडं त्या दिवशी कडक झालं होतं, अंगठ्याजवळची शिवण उसवली होती. चुचोला वाटत होतं मला चौकटीत घालून भिंतीवर लावावं. अनिबाल निल्दाला म्हणाला, "सिल्विनो टाके घालून देईल. अजून चालेल. याने तुझा हात वाचवलाय."

"म्हणूनच नको," निल्दा म्हणाली. "याच्यावर विश्वास ठेवून कुणीतरी घाईत हात घालेल."

तिने सुरी घेतली आणि माझी पाचही बोटं कापून टाकली. दुखलं का म्हणाल तर नाही. मला उलट सुटल्यासारखं झालं. उसवलेल्या अंगाने एखादा हात जाळात न्यावा लागला असता, तर ते मला सोसलं नसतं.

आता माझी बाही कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला बिजागरी म्हणून ठोकली आहे. सकाळी दार उघडतं तेव्हा मी वाकतो, संध्याकाळी परत वाकतो. कोंबड्या कुणाला टोमणे मारत नाहीत. पलीकडून धूर येतो आणि दोघांची भांडणं ऐकू येतात. मीठ आता की नंतर, यावरून.

तुमच्या घरीही माझा कुणी भाऊबंद खिळ्यावर असेल. पुढच्या वेळी विस्तव पेटवण्याआधी त्याला उलटा करा, शिवणी बघा, बोटं घालून झटकून बघा. फाटला असेल तर त्याची दया करू नका. त्याला निरोप द्या. मोजा दुसरा मिळतो.